तिच्या तोंडचा अ

काकीचा फोन आला तेव्हा मी सावेडीतल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत उत्तरपत्रिका तपासत बसले होते. काकी म्हणजे माझी चुलती. पुणतांब्याला असते. फोनवर ती सरळ मुद्द्यावर कधी येत नाही. आधी गाई, मग पाऊस, मग कुणाचा तरी गुडघा, असं फिरत फिरत येते. त्या दिवशी मात्र तिनं आवाज खाली आणला आणि विचारलं, "शेजारी कुनी हाय का तुझ्या?"

"कुणी नाही. का?"

"तू कालेजात बोलन्याचंच शिकवतीस ना? कोन कुठलं, कसं बोलतं, त्ये?"

मी नगरच्या एका कॉलेजात मराठी शिकवते, आणि एम.ए.च्या मुलांना भाषाविज्ञानाचा एक पेपर. त्यात ध्वनी येतात, बोली येतात. काकीनं ते कधीतरी ऐकून ठेवलं असणार. मी हो म्हटलं.

"मग रविवारी ये. आमच्या नवीचं बोलनं ऐक, आन् ती कुठली हाय त्ये मला एकटीला सांग."

नवी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. लग्नाला तेव्हा दोन-तीन महिने झाले असतील. चुलतभाऊ पस्तिशी ओलांडलेला. थोडा ऊस, कांदा, दारात दुभत्या गाई, तंबाखूसुद्धा न खाणारा माणूस. पण शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळत नाही ही आमच्याकडं आता बातमीही राहिलेली नाही. स्थळं बघता बघता त्याचे केस विरळ झाले. शेवटी श्रीरामपूरच्या एका मध्यस्थानं हे स्थळ आणलं. मुलगी चंद्रपूरकडची, आईबाप शेतकरी, लांबचा प्रवास झेपत नाही म्हणून लग्नाला येणार नाहीत. देवळात लग्न लागलं. मुलीच्या बाजूनं मध्यस्थ आणि एक मावशी, एवढीच माणसं. जेवणं झाल्यावर मावशी निघून गेली. जाताना तिच्याशी मुलगी एक शब्द बोलली नाही, हे काकीनं हेरून ठेवलं होतं.

"सख्खी मावशी असती तर गळ्यात पडून रडली नसती व्हय?" ती मला फोनवर म्हणाली.

त्यातच नेवाशाकडच्या कुठल्यातरी घरातली अशीच आणलेली सून दागिन्यांसकट गेल्याची गोष्ट गावात फिरत होती. ती सून कुणी पाहिलेली नव्हती, ते घर कुठलं हेही कुणाला नक्की सांगता येत नव्हतं, पण गोष्ट सगळ्यांना पाठ होती. काकीनं कपाटाची किल्ली कमरेला लावली ती तेव्हापासून.

रविवारी मी रेल्वेनं गेले. वाटेत मला काकीचाही थोडा संशय येत होता. तिला खरंच सून कुठली हे जाणून घ्यायचं होतं, की शिकलेल्या पुतणीच्या तोंडून एखादा निकाल हवा होता, भावकीत सांगायला? तरी गेले. कुतूहल होतं, हे कबूल केलं पाहिजे. माझ्या विषयातलं काही विचारायला घरातलं माणूस आजवर कधी आलं नव्हतं.

मुलगी उंच, सावळी, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची. केस तेल लावून घट्ट बांधलेले. पदर सारखा सावरत होती. बोलत होती फार थोडं, आणि जे बोलत होती ते फार स्वच्छ. "ताई, आपण बसावं." "मी पाणी आणते." कुठल्याच मातीचा डाग नसलेलं, क्रमिक पुस्तकातलं मराठी. असं मराठी घरात कुणी बोलत नाही. पुण्यातसुद्धा नाही. ती काहीतरी जपत होती, हे मला दहा मिनिटांत कळलं. काकी उंबऱ्यात बसली होती आणि सुनेकडं न बघता माझ्या चेहऱ्याकडं बघत होती.

मग सुनेनं स्टीलच्या पेल्यात दूध आणलं, पदरानं धरून. पेला माझ्या हातात देताना तिला चटका बसला असावा. ती घाईनं म्हणाली, "जपून ताई, गॉरम आहे."

मी घोट घेतला आणि काही ऐकलंच नाही असा चेहरा ठेवला.

त्यानंतर दुपारपर्यंत मी ऐकत राहिले. 'परीक्षा', 'सरकार', 'नगर' हे शब्द ती आपल्यासारखेच म्हणत होती. पण 'घर' म्हणताना मधला स्वर गोल होत होता. 'सकाळी'चा पहिला स्वरही. शाळेत शिकलेले शब्द कोरे करकरीत आणि घरात शिकलेले शब्द तेवढे गोल. माणूस शाळेत जाऊन कितीही भाषा शिकला तरी आईच्या तोंडून आलेले शब्द आईच्याच ओठांनी म्हणतो.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपला मराठी अ म्हणजे तोंडातला सगळ्यात आळशी स्वर. ओठ सैल, जीभ मध्ये पडलेली. तेच ओठ गोल करून जीभ मागं ओढली की तो होतो ऑ. हा स्वर आपल्याकडं इंग्रजी शब्दांबरोबर आला. डॉक्टर, ऑफिस, कॉलेज लिहायला आपण कान्यावर चंद्रकोर चढवून एक नवं चिन्ह केलं. काकीनं मात्र तो कधी घेतलाच नाही. ती डाक्टर म्हणते, हापिस म्हणते, कालेज म्हणते. म्हणजे जो स्वर तिच्या तोंडात जन्मात आला नव्हता, तो आता तिच्या चुलीपाशी रोज ऐकू येत होता. तिला काहीतरी खटकत होतं ते हे. तिच्या भाषेत सांगायचं तर, "फोनवर नुसतं वो-वो करती. गोठ्यामागं जाऊन."

संध्याकाळी गाडीच्या आधी काकी मला उसाच्या बांधापर्यंत घेऊन गेली. "बोल," म्हणाली.

माझ्या डोक्यात तोवर अर्धा नकाशा उलगडला होता. बंगाली, उडिया, असमिया, तिन्ही भाषांचा अ असाच गोल. पण गोव्याकडचं 'घर'ही गोलच ऐकू येतं. दिल्लीचा माणूस 'और' म्हणतो तेव्हा तोच स्वर असतो. पोर्तुगीजमध्ये आजी आणि आजोबा या दोन शब्दांत फरक फक्त एवढा, की आजीच्या शेवटी हा स्वर येतो आणि आजोबांच्या शेवटी साधा ओ. इटलीत दोन्ही स्वर आहेत पण अक्षर एकच, आणि कुठल्या शब्दात कुठला यावरून प्रांताप्रांतात मतभेद. पश्चिम आफ्रिकेतल्या कितीतरी भाषा त्याच्यासाठी इंग्रजी सी उलटा फिरवून लिहितात. स्पॅनिश किंवा जपानी माणसाला ओ आणि ऑ मधला फरक ऐकूनही लवकर कळत नाही. आणि अमेरिकेच्या पुष्कळ भागांत तो आ मध्ये विरून गेला आहे. इतक्या ठिकाणी राहणाऱ्या स्वरावरून एका बाईचं गाव सांगणं म्हणजे नाकावरून बाप ओळखण्यासारखं.

तरी मला अंदाज आला होता. बंगाली. आणि अंदाज आला तसा माझाही संशय वाढला. बंगालीच असेल तर लपवते का? आणि चंद्रपूर कुठून आलं?

"विदर्भाकडची असेल," मी काकीला म्हटलं. "तिकडचं बोलणं आपल्यापेक्षा वेगळंच असतं."

काकीनं माझ्याकडं नीट बघितलं. "तू कायतरी गिळलंस," ती म्हणाली.

पोळ्याच्या सुमारास चुलतभावाचा फोन आला. तो सहसा फोन करत नाही, व्हॉट्सॲपवर गाईंचे फोटो पाठवतो. भावकीतल्या एका माणसानं पारावर बसून म्हटलं होतं, की ह्याची बायको बांगलादेशी आहे आणि पोलिसांत कळवायला पाहिजे. तो माणूस आमच्या सामाईक विहिरीवरून आधीच खार खाऊन होता. चुलतभावानं घरी जाऊन आधार कार्ड आणून दाखवलं. त्यावर जिल्हा गडचिरोली लिहिलेला होता. ते बघून तो माणूस आणखीनच खूश झाला. "बघा, चंद्रपूर सांगितलं हुतं, निघालं गडचिरोली. आन् कार्डाचं काय, पायजे तसं करून भेटतंय."

"तिचं कुनाकडून समजलं त्याला, ताई?" चुलतभावानं मला विचारलं. त्याच्या आवाजात मला माझ्याविषयीची शंका ऐकू आली. मी कुणाला काही बोलले नव्हते. पण एक बाई नगरहून फक्त ऐकायला येऊन गेली, हे सगळ्या वस्तीनं पाहिलं होतं.

मी पुन्हा गेले. ती वावरात मिरच्या तोडत होती. काकी घरात होती, चुलतभाऊ दूध घालायला डेअरीवर गेलेला. मी तिच्या शेजारच्या सरीत उभी राहून मिरच्या तोडू लागले. मान वर न करता तिनं विचारलं.

"तुम्ही पोलिसांतल्या आहात का, ताई?"

"नाही. कॉलेजात शिकवते. तुला माहीत आहे."

"मग माझ्या तोंडाकडं काहून पाहून राहिल्या होत्या? पहिल्या दिवशी. माणूस डोळ्यांकडं पाहून बोलते. तुम्ही सारखं ओठांकडं पाहत होत्या."

पुस्तकातलं मराठी गेलं होतं. 'काहून' ऐकून मला बरं वाटलं. निदान चंद्रपूर-गडचिरोलीची हवा तरी खरी होती. मी तिला खरं ते सांगितलं. काकीनं का बोलावलं, मी काय ऐकलं, 'गरम' आणि 'घर' हे शब्द कसे वेगळे वाटले. ती ऐकताना हात थांबवत नव्हती.

"म्हणजे मी बोलली म्हणून पकडली गेली," ती म्हणाली.

"पकडायचं काय त्यात? तू कुणाचं काय चोरलंस?"

तिनं टोपली पुढं सरकवली आणि मग सांगितलं. गडचिरोलीतल्या चामोर्शीच्या पुढं तिचं गाव. सगळं गाव बंगाली. फाळणीनंतर निर्वासित म्हणून आलेल्या आजोबांना सरकारनं आणून तिथं वसवलं, त्यांनी रान तोडून धानाची शेती केली. बाप तिथंच जन्मला, ती तिथंच जन्मली. बारावी मराठीतून. घरात बंगाली.

"मग चंद्रपूर का सांगितलं?"

"तो मध्यस्थ म्हणाला, बंगाली सांगशील तर तिकडचे घाबरतील. गडचिरोली सांगशील तर नक्षलवाले म्हणतील. चंद्रपूर सांग, चंद्रपूरला कोणी काही म्हणत नाही."

"आणि ती मावशी?"

"मला नाही माहीत जी. त्यानंच आणली होती."

मध्यस्थानं तिलाही एक गोष्ट विकली होती. मुलगा साखर कारखान्यात परमनंट आहे, शेती नावापुरती.

"तुला खरं वाटलं?"

"नाही. व्हिडिओ कॉलमध्ये मागं गोठा दिसून राहिला होता."

"तरी आलीस?"

तिनं थोडा विचार केला. "गाईंची पोटं भरलेली होती. मी म्हटलं, जनावराला उपाशी नाही ठेवत तो माणूस."

मी विचारलं, हे सगळं नवऱ्याला कधी सांगणार. ती म्हणाली, पहिल्या आठवड्यातच सांगितलं. "ते म्हणाले, आईला मी सांगतो. अजून सांगूनच राहिले."

मला माझ्या चुलतभावाचा राग आला. त्याला सगळं ठाऊक होतं आणि तरी तो मला फोन करून, कुणाकडून समजलं, असं विचारत होता. तो डेअरीवरून आला तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं आणि म्हटलं, आज माझ्यासमोर सांग. त्यानं आधी कॅन धुतले, मग गाईंना पेंड घातली, मग पुन्हा एकदा कॅन धुतले. शेवटी ओट्यावर बसून खाली मान घालून आईला सांगितलं.

काकी ऐकत राहिली. सून भिंतीला टेकून उभी होती.

"म्हंजी मला सोडून समद्यांना ठाव हुतं," काकी म्हणाली. पुतणीला ठाव, पोराला ठाव, पारावरच्या लोकांना ठाव. तिचा राग बंगालीवर नव्हता. घरात राहून आपल्याला कुणी सांगितलं नाही, यावर होता. मग ती सुनेकडं न बघता म्हणाली, "मला तिचं घर बघायचंय. सोताच्या डोळ्यानं. कार्डाबिर्डाचं मला काय सांगू नका." आणि मग मला म्हणाली, "तू बी चल. तुला त्यांचं बोलनं कळंल."

"मला बंगाली येत नाही, काकी."

"येत न्हाई तरी ती कुठली हाय त्ये कळलं का न्हाई तुला?"

दसरा झाल्यावर आम्ही तिघी निघालो. सोयाबीनची मळणी राहिली होती आणि गाईंना सोडून जाता येत नव्हतं, म्हणून चुलतभाऊ मागं राहिला. मनमाडहून रेल्वे, पुढं बल्लारशा, मग एसटी. जंगल लागलं तशी काकी खिडकीला चिकटली. मध्येच ती माझ्या कानात म्हणाली, "आपल्याला इथं मारून टाकलं तर कुनाला पत्ता लागंल का?" सून पुढच्या सीटवर होती. तिला ऐकू गेलं असावं, कारण तिच्या खांद्यांची हालचाल थांबली.

घर साधं, स्वच्छ सारवलेलं, मागं तळं, तळ्यात मासे. बाप बारीक अंगाचा, मराठी उत्तम बोलणारा, विदर्भाच्या वळणाचं. आईला मराठी समजायचं, बोलायला अडखळायची. मुलगी दारात पोहोचताच आईनं तिला रडत मिठी मारली आणि लगेच तिचे दोन्ही हात धरून खांद्यापर्यंत बाह्या वर केल्या. दंड पाहिले, मनगटं पाहिली. मग मान. मी आणि काकी अंगणात चपला काढत होतो. काकी म्हणाली, "काय बघती ती?"

"मार लागलाय का, ते बघते आहे."

काकीचं तोंड उघडंच राहिलं. आपल्या घरावर कुणी असा संशय घेईल, हे तिला सुचलंच नव्हतं.

आई तिला आत घेऊन गेली आणि दार लोटून घेतलं. भिंत कुडाची होती. आतलं बोलणं ऐकू येत होतं, भाषा कळत नव्हती. मला स्वर तेवढे ओळखू येत होते. पुणतांब्याला एखाद्या शब्दात चोरून येणारा तो गोल अ इथं दर वाक्यात होता, मोकळा, भरभरून. आई प्रश्न विचारत होती, मुलगी थोडक्यात उत्तरं देत होती. काकीनं विचारलं, "काय म्हनत्यात?" मी म्हटलं, कळत नाही. तिचा विश्वास बसला नाही.

जेवायला भात आणि मासे. मोहरीच्या तेलाचा वास काकीच्या नाकात गेला आणि तिनं ताट थोडं लांब सरकवलं. काट्यांचा बहाणा करून ती भात आणि डाळ जेवली. आई समोर बसून तिच्या प्रत्येक घासाकडं बघत होती. जेवण झाल्यावर तिनं नवऱ्याकरवी मला विचारलं. मलाच, कारण मी शिक्षिका, खोटं बोलणार नाही असं तिला वाटलं असावं किंवा खोटं बोलले तर चेहऱ्यावर दिसेल असं वाटलं असावं.

"ती विचारते आहे," बाप थोडा ओशाळून म्हणाला, "जावयाचं आधी एक लग्न झालं होतं का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग इतक्या वयापर्यंत बिनलग्नाचा कसा राहिला? दारू? आजार?"

काकी उसळली. "माझ्या पोरात काय खोट हाय म्हनून इचारती ही?"

मी बापाला समजावून सांगितलं की आमच्याकडं शेती करणाऱ्या मुलाला मुली देत नाहीत. नोकरी पाहिजे, शहरात घर पाहिजे. बापानं ते बायकोला सांगितलं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पहिल्यांदाच स्वतः मराठीत बोलली.

"शेतकरी म्हणून? आमी पन शेतकरी."

तिला ते कारण मुळीच पटलं नव्हतं. मी पुन्हा सांगू लागले तर तिनं हात हलवून थांबवलं. मग तिनं गावाचं नाव विचारलं आणि स्वतःशीच म्हणून पाहिलं, "पुनतांबा. पुनतांबा." काकी लगेच म्हणाली, "बराबर बोलली की." काकी स्वतःही पुनतांबाच म्हणते. तिच्या तोंडात ण नाही. त्या दोघींत दोन दिवसांत एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं.

निघायच्या दिवशी सकाळी आईनं सांगितलं की मुलगी धान घरात येईपर्यंत राहील. कापणीला माणसं मिळत नाहीत. काकीनं माझा हात दाबला. मुलगी मध्ये उभी होती. बाप म्हणाला, "तुमची मर्जी नसेल तर घेऊन जा. आमची जबरदस्ती नाही."

"मी येते नंतर," मुलगी काकीला म्हणाली. "धान झालं की येते."

काकीनं पिशवी उचलली. एसटीत बसल्यावर मात्र ती म्हणाली, "गेली ती." कमरेच्या किल्लीवर तिचा हात होता, आणि कपाटात जे काही होतं ते सगळं जागच्या जागी होतं, हे तिलाही माहीत होतं.

पुढचे काही आठवडे गावानं ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हटलं. गेली ती. भावकीतला तो माणूस तर चुलतभावाला भेटून दिलासा द्यायला आला होता. चुलतभाऊ रोज तिला फोन करायचा. कधी नेटवर्क असायचं, कधी नसायचं, मग ती व्हॉइस मेसेज पाठवायची. एका दुपारी त्यानं त्यातला एक मला पुढं पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई ऐक. खरं बोलती का?"

मी ऐकला. ती म्हणत होती की कापणी निम्मी झाली, आईचे पाय दुखतात, काळी गाय खाते का. साधं बोलणं. पण तिचा अ बदलला होता. आता 'कापणी झाली पण'मधला 'पण'सुद्धा गोल झाला होता. पुढच्या मेसेजमध्ये 'नगर' गोल झालं. पुणतांब्यात तिनं जे शब्द घट्ट धरून ठेवले होते ते एकेक करून सुटत होते. असं सगळ्यांचंच होत असतं. मी स्वतः चार दिवस काकीकडं राहिले की माझ्या तोंडात 'न्हाई' येतं. माणूस जिथं असतो तिथलं तोंड करतो, एवढाच त्याचा अर्थ. पण त्या दिवशी मला तो अर्थ पुरला नाही. मला वाटलं, ही येत नाही. तिला आता इथल्यासारखं बोलायची गरज उरलेली नाही.

नंतरच्या एका मेसेजमध्ये मागं पुरुषाचा आवाज होता. तरुण. तिला काहीतरी ओरडून सांगत होता. चुलतभावानं विचारलं, "मागं कोन हाय?" मी हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. आणि मग स्वतःच्या हातातल्या त्या हेडफोनकडं बघून मला कसंतरी झालं. मी त्याला फोन केला.

"हे मला पाठवू नकोस. यापुढं एकही नाही."

"का? काय ऐकलंस तू?"

"काहीच नाही. तुझी बायको आहे, तूच विचार तिला."

त्यानं विचारलं की नाही मला ठाऊक नाही. तो आवाज मळणीयंत्रावरच्या माणसाचा होता, असं तिनं पुढं आपणहून सांगितलं. काकीला ते पटलं, मला पटलं, चुलतभाऊ तेवढं ऐकून गोठ्यात गेला.

थंडी पडल्यावर ती आली. एकटी नाही, बाप बरोबर. तांदळाचं एक पोतं आणि मोहरीच्या तेलाचा डबा. बाप मुलीला पोहोचवायला आला असं म्हणाला, पण तो आला होता बघायला. त्यानं विहिरीत डोकावून पाहिलं, उसातून फिरला, न्हाणीघराची कडी लागते का हे लावून पाहिलं, डेअरीवर जाऊन दोन अनोळखी माणसांना जावयाविषयी विचारलं. काकीनं मला फोन करून सांगितलं, "झडतीच घेतली म्हन." तिच्या आवाजात राग होता आणि थोडा आदरही.

भावकीतला माणूस मुलीच्या बापाला पारावर भेटला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, कागद आहेत का. मी तिथं नव्हते, चुलतभावानं सांगितलं. बाप शांतपणे म्हणाला, "आमच्याकडं कागद तुमच्यापेक्षा जास्त असतात दादा. जपावेच लागतात." तो माणूस अजूनही तिच्याकडं बघताना डोळे बारीक करतो. पण पोलिसांत कुणी गेलं नाही.

आता ती तिथं रुळली आहे. काकीशी भांडते, म्हणजे रुळलीच म्हणायची. गाईंना ती "हाल, हाल ग" म्हणते, शेजारणीला "लई गॉरम हुतंय आज" म्हणते, आणि हे मराठी ना चामोर्शीचं आहे ना पुणतांब्याचं. मध्यस्थ एकदा दुसऱ्या कुणाच्या घरी स्थळ घेऊन वस्तीवर आला, तेव्हा काकीनं त्याला रस्त्यावरच उभं केलं आणि दोन्ही घरांना त्यानं काय काय सांगितलं होतं ते मोठ्यानं म्हणून दाखवलं.

मी मधून मधून जाते. अंगणात पोहोचेपर्यंत मला तिचा आवाज ऐकू येतो, सैल, भरभर. मी आत पाऊल टाकलं की तो बदलतो. "ताई, आपण बसावं. मी चहा ठेवते." एकेक अक्षर जागेवर, प्रत्येक अ नीट, चपटा, मराठी. चुलतभावासमोर तसं नाही, काकीसमोर नाही, त्या भावकीतल्या माणसासमोरसुद्धा नाही. फक्त माझ्यासमोर.

मागच्या खेपेला मी काकीला हे बोलून दाखवलं. ती लसूण सोलत होती.

"तिला वाटतं तू अजून ऐकतीस," काकी म्हणाली.

मीही एक गड्डी घेऊन सोलू लागले. आतल्या खोलीत सून कुणाशी तरी फोनवर बोलत होती, हळू आवाजात, आणि दार लोटलेलं होतं.